खाण्यासारखं झालंय

माझ्या लहानपणी दर रविवारी दुपारी आम्ही आजोबांकडे जेवायला जायचो. आम्ही म्हणजे आई, बाबा आणि मी. बाबा लोणी काळभोरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचे, म्हणून आम्ही तिथे राहायचो. आजोबा शनिवार पेठेत, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, काका-काकूंबरोबर. आजी मी जन्मायच्या आधीच गेली होती आणि काकांचा मुलगा शिकायला बाहेरगावी, त्यामुळे त्या घरात लहान मूल मी एकटीच आणि लाडही माझे एकटीचेच. सकाळी आठची बस पकडायची, स्वारगेटला बदलायची, मंडईपाशी उतरायचं. तिथे बाबा काकड्या निवडणार, प्रत्येक काकडी कडूच असणार अशा संशयानं तिच्याकडे बघत. मग तिथून चालत शनिवार पेठ. या सगळ्या प्रवासात आईच्या मांडीवर किंवा हातात एक पितळी डबा असायचा. रविवारचा बाकी स्वयंपाक काकूचा आणि एक भाजी आईची, असं ठरलेलं होतं. ती भाजी ती पहाटे उठून करायची आणि बसच्या धक्क्यांपासून तान्ह्या बाळासारखी जपायची.

आजोबा निवृत्त मुख्याध्यापक होते. शाळेतून निवृत्त झाले होते, तपासण्याच्या कामातून नव्हे. पहिला घास घेतला की ते थोडा वेळ समोरच्या भिंतीकडे बघत आणि मग शेरा देत. "आमटीत डाळ घालायची राहिली का?" किंवा "भाजी चिरलीये सुरेख. शिजवली असती तर..." वाक्य तसंच सोडून ते पुढचा घास घेत. जमलेल्या पदार्थासाठी त्यांच्याकडे एकच शेरा होता. "खाण्यासारखं झालंय." त्याहून जास्त गुण द्यायची सोयच नव्हती. हल्ली मी फोनवरून थाळी मागवते आणि थाळीसुद्धा न उघडता तिला पाच तारे देऊन मोकळी होते, तेव्हा आजोबा आठवतात. त्यांनी त्या थाळीला एक तारासुद्धा विचार करून दिला असता.

काकू नारायण पेठेतली, तिला असल्या बोलण्याची लहानपणापासून सवय. आजोबा "खाण्यासारखं" म्हणाले की ती दिवसभर खूश असायची, आणि महिन्यातून दोनदा तरी तिला ते ऐकायला मिळायचं. आईचं तसं नव्हतं. ती अमरावतीची. बाबांची पहिली नोकरी तिकडे होती, तेव्हा लग्न जमलं आणि ती पुण्यात आली. तिच्या माहेरी जेवताना मोठमोठ्यानं कौतुक करायची रीत. पाहुण्यानं पहिल्या घासाला "वा" म्हटलं नाही, तर घरची बाई काळजीत पडायची की याला बरं नाही की काय. अशा घरातून आलेली आई दर रविवारी तुपाचं भांडं हातात धरून आजोबांच्या खुर्चीमागे उभी राहायची. पहिली काही वर्षं तिला टोमणे तरी मिळाले. नंतर तेही बंद झाले. आजोबा तिची भाजी संपवायचे आणि तिच्याबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत.

एकदा परतीच्या बसमध्ये तिच्या मनात काय आहे ते मी विचारलं. म्हणाली, "एकदा, फक्त एकदा त्यांनी छान म्हणावं. मग मी या बसला नावं ठेवणार नाही, या पुण्याला नाही आणि तुझ्या बाबांनाही नाही." बाबा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "लिहून दे." आम्ही तिघंही हसलो. पण हसताना तिनं रिकामा डबा इतका घट्ट धरला होता की हे हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही, हे मला तेव्हाही कळलं.

तिनं प्रयत्न कमी केले नव्हते. पुण्याच्या जिभेला आवडावं म्हणून ती भाजीत गूळ घालायला लागली, दाण्याचं कूट घालायला लागली, तिखट निम्म्यावर आणलं. त्यामुळे ती भाजी धड इकडची राहिली नाही, धड तिकडची. तिला स्वतःलाही ती आवडायची नाही. आजोबांच्या घरातलं टेबल चार जणांचं होतं. त्यावर आधी आजोबा, काका, बाबा आणि मी जेवायचो. मग आई आणि काकू आत ओट्यापाशी पाट घेऊन बसायच्या. तेव्हा आई पर्समधून तीन पिशव्यांत गुंडाळलेली एक काचेची बरणी काढायची. तिच्यात लसूण आणि लाल तिखट घालून केलेलं फोडणीचं तेल असायचं. काकूच्या गोडसर आमटीवर ती ते तेल चमच्या-चमच्यानं घालायची आणि मग कुठे तिच्या चेहऱ्यावर जेवायला बसल्याचे भाव यायचे. काकू खिडकी उघडत म्हणायची, "आतडी जळतील एक दिवस." आई म्हणायची, "वहिनी, आता कुठं जेवून राहिले मी." काकू मग दोन दिवस "जेवून राहिले, झोपून राहिले" असं म्हणत घरभर फिरायची, असं काका सांगायचे.

मला दहावं वर्ष लागलं आणि आजोबांचं ताट मांडायचं काम माझ्याकडे आलं. हे काम साधंसुधं नव्हतं. मीठ वरती मधोमध, लिंबाची फोड त्याच्या शेजारी, चटणी आणि कोशिंबीर डाव्या हाताला, भाजी उजव्या हाताला. आमटीची वाटी काकू ओट्यावर झाकून ठेवायची, कारण आजोबांना ती गरमच लागे. ती सगळ्यात शेवटी न्यायची. चार-पाच रविवार मी हे सगळं बिनचूक केलं आणि मला वाटायला लागलं की आता हे आपण डोळे मिटूनही करू शकतो.

मग तो रविवार आला. आईनं आदल्या दिवशी उपास केला होता, सकाळी बस चुकू नये म्हणून काही खाल्लंही नव्हतं. भुकेनं तिचा जीव कासावीस झाला होता. म्हणून तिनं आपली आमटी आधीच वाटीत घेतली, त्यात तेल घालून ढवळलं आणि कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून वाटीवर झाकण ठेवलं. मी स्वयंपाकघरात आले, ओट्यावर पुढेच झाकलेली वाटी दिसली, उचलली आणि आजोबांच्या ताटाशी नेऊन ठेवली. झाकण काढून बघायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आजोबांनी भातावर आमटी ओतली, कालवली आणि घास घेतला. भिंतीकडे बघितलं. बघतच राहिले. आधी त्यांचे कान लाल झाले, मग टक्कल. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाक वाहायला लागलं. आई तुपाचं भांडं घेऊन आली होती, ती दारातच थिजली. तिला ताटातला रंग दिसला होता. काकांनी घाईघाईनं पाण्याचा पेला पुढे केला. आजोबांनी हातानंच त्यांना थांबवलं आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा. रुमालानं कपाळ पुसत, नाक ओढत त्यांनी सगळा भात संपवला आणि म्हणाले, "आमटी आहे का अजून?"

त्या घरात आजोबांनी कुठलाही पदार्थ दुसऱ्यांदा मागितल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. काकू धावतच पातेलं घेऊन आली. तिचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. तिनं डावभर आमटी वाढली. आजोबांनी घास घेतला आणि म्हणाले, "ही नव्हे."

आई पुढे आली. सासऱ्यांना ती माहेरच्या रीतीनं मामाजी म्हणायची. "मामाजी, चूक झाली. ती माझी वाटी होती. पोरीनं चुकून..."

"चूक कुणी विचारली? त्यात काय घातलंय ते विचारतोय."

आईनं आतून बरणी आणून टेबलावर ठेवली. आजोबांनी चष्मा वर करून बरणीकडे बघितलं, स्वतःच्या हातानं दोन चमचे तेल भातावर घातलं आणि पुन्हा रडत रडत जेवले. शेरा मात्र दिला नाही. पण आईला त्याची गरजच नव्हती. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून गुणगुणत होती. बाबांनी विचारलं, "बसला नावं ठेवणं बंद का मग?" ती म्हणाली, "अजून म्हणाले कुठे? पण म्हणतील."

पुढच्या रविवारपासून ते तेल आजोबांच्या ताटाचा भाग झालं. बरणी मोठी झाली. तेल किती घालायचं ते तुम्हालाच कळतं, असं म्हणत आजोबांनी आईला शेजारी बसायचा हुकूम सोडला. स्टूल आणलं गेलं. मग काकू म्हणाली, "मी एकटीनं आत बसून काय करू?" आणि तीही दुसरं स्टूल घेऊन आली. चार जणांच्या टेबलाभोवती सहा जण बसायला लागले. एकाचं कोपर दुसऱ्याच्या कोशिंबिरीत जायचं, तूप वाढायचं भांडं हातोहात फिरायचं. इतकी वर्षं हे का केलं नाही, असं कुणीच विचारलं नाही. मला ते जेवण फार आवडायला लागलं.

एका रविवारी आम्ही लवकर पोचलो. दुसऱ्या मजल्यावरच करपलेल्या दुधाचा वास आला. वर गेलो तर दार उघडं, काका-काकू खाली कुठेतरी गेलेले, गॅसवर दूध आटून पातेलं काळं झालेलं आणि त्यापासून चार पावलांवर टेबलाशी आजोबा शांतपणे पेपर वाचत बसलेले. बाबा पायऱ्यांवर शेजाऱ्यांशी बोलत मागे राहिले होते. आईनं गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि आजोबांकडे बघत राहिली.

"मामाजी, वास नाही आला?"

"कशाचा?" आजोबा म्हणाले. मग त्यांनी पातेल्याकडे बघितलं आणि पेपरची घडी घातली. त्यांना बहुधा कळलं की आता लपवण्यात अर्थ नाही. काकूनं काढून ठेवलेले मटार घेऊन मी एव्हाना कोपऱ्यात सोलायला बसले होते. मला बाहेर जायला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी हलले नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना एक मोठा ताप आला होता. ताप गेला तो वास घेऊन गेला आणि चवही. आमटी, भाजी, श्रीखंड, सगळं सारखंच लागायचं, म्हणजे काहीच लागायचं नाही. "तुमच्या तेलानं तोंड भाजलं तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा वाटलं, काहीतरी खाल्लं," ते म्हणाले.

"मग ते शेरे?"

"थोरल्या सूनबाईंचा स्वयंपाक मला पाठ आहे. घाईत असल्या की मीठ कमी, पाहुणे असले की गूळ जास्त. बाकी समोर बसलेल्यांच्या तोंडाकडे बघून कळतं. तुमच्या भाजीचा मात्र अंदाज येईना. म्हणून गप्प बसायचो."

"पण सांगायचं ना कुणाला तरी! डॉक्टर..."

"डॉक्टर झाला. म्हणाला, वयानं होतं." आजोबांनी पेपरची घडी सरळ केली. मग नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "चव लागत नाही म्हणून सांगितलं, तर उद्यापासून माझ्यापुढे मऊ भात येईल. आणि ज्याला काही कळतच नाही त्याच्यासाठी तुम्ही लोणीहून दोन बस बदलून भाजी कशाला आणाल? रविवार बंद पडेल हा."

मी मटार सोलायचे थांबले होते. आजोबांना कशाची भीती वाटते, असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

"कुणाला सांगू नका," ते म्हणाले आणि मग माझ्याकडे बघून, "तूसुद्धा. शेंगा सोल."

त्या दिवशी परतताना आईनं बसमधली खिडकीची जागा बाबांना दिली. बाबांना डुलकी लागली तेव्हा ती हळूच मला म्हणाली, "म्हणजे माझं काही आवडलं असं नव्हतंच ते. नुसतं भाजलं म्हणून मागितलं." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि आता म्हणतील तरी कसं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला इतकं वाईट वाटलं की मी आपणहून उद्याचा गृहपाठ करायचं कबूल केलं.

पण आई फार वेळ रुसून बसणारी बाई नव्हती. पुढच्या रविवारी आजोबांच्या भातावर तूप वाढताना ती किंचित वाकली आणि ओठ न हलवता पुटपुटली, "गूळ जास्त." आजोबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी घास घेतला, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "आमटी आत्ता खायची की जेवण झाल्यावर? नाही, गोडाचा पदार्थ दिसतोय म्हणून विचारलं." काकूनं चव घेतली, कपाळावर हात मारला. काका म्हणाले, "काय जीभ आहे हो यांची अजून!" आई खाली मान घालून जेवत होती आणि मी हसू दाबायला पाणी प्यायला घेतलं ते नाकातून आलं.

मग दर रविवारी हा खेळ चालू झाला. आई दोन शब्द द्यायची, आजोबा त्यांचा शेरा करायचे. मला नवल वाटायचं ते आईच्या प्रामाणिकपणाचं. काकूचं चांगलं झालं की ती "मस्त" म्हणून कळवायची आणि काकूला "खाण्यासारखं" मिळायचं. स्वतःच्या पदार्थालाही ती सोडायची नाही. एकदा पोळ्या तिनं केल्या होत्या. "कडक," ती पुटपुटली. आजोबा म्हणाले, "उरलेल्या पोळ्या परत घेऊन जा. सोलापूर रस्त्याला खड्डे फार झालेत म्हणे." सगळे खो खो हसले, त्यात सगळ्यात मोठ्यानं आई. मी तिला विचारलं, "तू स्वतःच्या भाजीला मस्त का नाही म्हणत? त्यांना थोडंच कळणार आहे?" ती म्हणाली, "मग ते मी म्हटल्यासारखं होईल ना, वेडे. त्यांनी म्हटल्यासारखं कसं होईल?"

गूळ घालणं तिनं आता सोडून दिलं होतं. तिखट, काळा मसाला, सगळं माहेरासारखं. उन्हाळ्यातल्या एका रविवारी तिनं भरली वांगी केली. पहाटे वीज गेली होती. मेणबत्तीच्या उजेडात तिनं मसाल्यात मीठ घातलं आणि वीज आल्यावर घालायचं राहिलं असं समजून पुन्हा घातलं. हे तिला कळलं ते शनिवार पेठेत, सगळ्यांच्या ताटात वांगी वाढून झाल्यावर, तिनं स्वतः घास घेतला तेव्हा. मी माझा घास गिळत होते आणि गिळला जात नव्हता. काका पोळीचे मोठे मोठे तुकडे करून वांग्याचा एवढासा कण त्यात लपवत होते. बाबा छताकडे बघत होते.

आई तुपाचं भांडं घेऊन वाकली. "खारट," ती म्हणाली. "फार खारट. खाऊ नका, मामाजी."

आजोबांनी वांग्याचा मोठा घास घेतला. नीट चावला. भिंतीकडे न बघता त्यांनी मान वळवून सरळ आईकडे बघितलं आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सूनबाई, वांगी छान झालीयेत. फार छान झालीयेत. मला अजून एक वाढा."

काकूचा हात ताट आणि तोंड यांच्यामध्ये तसाच राहिला. काकांनी आजोबांकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि मग त्यांनी निमूटपणे एक अख्खं वांगं तोंडात घातलं. मग बाबांनी घातलं. काकूनंही. आजोबांच्या शेऱ्याविरुद्ध बोलायची त्या घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. आईनं आजोबांना वांगं वाढलं, त्यावर रस्साही घातला. ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तिखट लागलं म्हणून सांगायचंही तिला सुचलं नाही. मला त्या दिवशी आजोबा जितके आवडले तितके त्याआधी कधी आवडले नव्हते.

जेवणं झाल्यावर काकू उरलेली वांगी कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाली. आईनं तिच्या हातातून पातेलं घेतलं. "राहू द्या वहिनी, मी नेते," ती म्हणाली आणि रस्सासुद्धा निपटून डब्यात भरला. सोमवारी दुपारी मी शाळेतून आले तेव्हा ती स्वयंपाकघरात एकटीच भाकरीबरोबर ती वांगी खात बसली होती, शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन. मी म्हटलं, मलाही दे एक. तिनं ताट स्वतःकडे ओढून घेतलं आणि म्हणाली, "तुला वरण-भात ठेवलाय. ही माझी आहेत."